काट्याचा दोष कमरेत

माझी कंबर सरकारी कामात गेली, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूची एवढी एकच गोष्ट आहे.

वजनमापे खात्यात मी निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर काटा जप्त करून आणायचा. तपासणीची लोखंडी वजनं एका पेटीत असतात आणि ती पेटी शिपाई उचलतो. त्या दिवशी शिपाई रजेवर होता आणि निरीक्षकाने पेटी उचलू नये असा नियम कुठेही नव्हता. नियम नसला की माणूस फसतो, हे माझं जुनं मत आहे. मी पेटी उचलली, कमरेत उसण भरली आणि एका अनोळखी दुकानदारासमोर मी बराच वेळ नमस्कार घातल्यासारखा वाकून राहिलो. त्याने जवळचं पोतं पुढे सरकवून बसायला सांगितलं. तपासणीच्या वेळी दुकानदाराकडून काहीही स्वीकारू नये असा नियम असल्यामुळे मी बसलो नाही.

डॉक्टर म्हणाले, काही दिवस ओझं उचलू नका, थोडी विश्रांती घ्या, दाखवतो ते व्यायाम करा. आता ज्या उपायाला काही विकत घ्यावं लागत नाही त्यावर सुशिक्षित माणसाचा विश्वास कसा बसणार? शिवाय कंबर दुखते हे एकदा जिन्यात कळलं की ती आपली राहत नाही, सगळ्या इमारतीची होते. कुणी शेक सांगितला, कुणी बर्फ. तळमजल्यावरच्या बाईंनी जमिनीवर झोपा म्हणून सांगितलं आणि त्यांच्याच यजमानांनी, ऐकू नका, मी असाच कायमचा आखडलो, असं हळूच कानात सांगितलं. या सगळ्यांवर मात केली ती वरच्या मजल्यावरच्या विमावाल्या काकांनी. आयुष्यभर विमा विकल्यामुळे समोरच्याला आधी घाबरवायचं आणि मग धीर द्यायचा, ही कला त्यांच्या अंगात मुरलेली आहे. ते म्हणाले, रक्तात लोह असतं, लोह चुंबकाचं ऐकतं, तेव्हा कमरेला चुंबकाचा पट्टा बांधा. आधी कमरेचं दुखणं पुढे कुठकुठे जातं ते त्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे पट्टा मला स्वस्तच वाटला.

मी काही भोळा माणूस नाही. पट्ट्याबरोबर एक पुस्तिका आली होती. तिच्यात फायदे अर्ध्या पानात उरकले होते आणि सुरक्षिततेच्या सूचना मात्र पानंच्या पानं होत्या. इतके नियम आहेत म्हणजे वस्तूत काहीतरी दम असणारच, असं मला वाटलं. ती पुस्तिका घेऊन मी परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती चाळली आणि म्हणाले, यानं बरं वाटेल याची खात्री मी देणार नाही. बांधायचाच असेल तर जखमेवर, खरचटलेल्या कातडीवर किंवा औषधाच्या पट्टीवर बांधू नका, झोपताना काढा, आणि पायाला मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं तर पट्टा बाजूला ठेवून तडक इकडे या. मग चष्मा काढून म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा. तुमच्या सासऱ्यांच्या छातीत पेसमेकर आहे. हा पट्टा त्यांच्यापासून हातभर लांब पाहिजे. यात हयगय नको."

सासरे आमच्याकडेच राहतात. जन्मभर किराणा दुकान चालवलेला माणूस. छातीत यंत्र बसवल्यावर दुकान पुतण्याला देऊन ते मुलीकडे आले. आमच्या खात्याने त्यांचा तराजू वर्षानुवर्षं तपासला आणि त्यात कधी काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी तपासायला येणाऱ्यालाच मुलगी दिली. तराजू सांभाळायला जावई केला, असं तेव्हा बाजार म्हणाला होता. ते बोलणं त्यांना अजून झोंबतं. संध्याकाळी आम्ही दोघं दिवाणावर बसून पत्ते खेळतो. हरलं की ते सगळ्या खात्याला नावं ठेवतात आणि जिंकलं की फक्त मला.

तर हातभर. पण कुणाचा हात? आमच्या पेशात असलं ढोबळ माप चालत नाही. मी कचेरीतली शिक्क्याची मीटरपट्टी रीतसर नोंद करून घरी आणली, माझा, हिचा आणि सासऱ्यांचा हात मोजला, त्यातला लांब हात धरला आणि वर थोडी सूट ठेवली. मग दिवाणाच्या पुढे फरशीवर खडूने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे सासरे. पत्त्याचं पान टाकायचं तर ते मी मीटरपट्टीने पुढे सरकवत असे. पहिल्या दिवशी सासऱ्यांनी हे सगळं मुकाट्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "जावईबापूंना सांग, मला यंत्र लागलंय, खरूज नाही झाली."

हे सगळं तुमच्याच जिवासाठी आहे, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी विचारलं, माझा जीव एवढा प्यारा असेल तर पट्टा का काढत नाही? मी म्हटलं, माझी कंबर दुखते. यातून त्यांनी जो अर्थ काढला तो मला अजिबात अभिप्रेत नव्हता, पण खोडूनही काढता येईना. त्या दिवसापासून पत्ते बंद. ते दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडू लागले आणि ही माझ्यासमोर भांडी जरा जोरात ठेवू लागली.

दरम्यान पट्ट्याचं शास्त्र वाढत चाललं होतं. पट्ट्यात चुंबक फक्त मागे होते. विमावाले काका म्हणाले, दुखणं मागून ढकललं तर पुढून त्याला ओढून घेणारं कुणी नको का? म्हणून मी चुंबकांची आणखी एक रांग आणून पोटावर बसवली. मागच्या रांगेचं कोणतं तोंड आत आणि पुढच्या रांगेचं कोणतं बाहेर, हे ठरवायला होकायंत्र विकत घेतलं. घरात हिच्या हरवलेल्या टाचण्या, शिवणाच्या सुया माझ्या अंगावर सापडू लागल्या, एकदा तर स्वयंपाकघरातली सांडशी. ही शांतपणे म्हणाली, आता सुई पडली की शोधावी लागत नाही, तुम्हाला त्या खोलीतून एक फेरी मारायला सांगितलं की झालं. कंबर बरी वाटत होती की नव्हती, हे मला नीट सांगता येत नव्हतं. पण इतकी व्यवस्था केल्यावर ती बरी न वाटणं बरं दिसलं नसतं.

कचेरीतही मी नियम सोडला नाही. आमच्या परीक्षण कक्षात चुंबक न्यायला सक्त मनाई आहे. काट्याच्या लोखंडी भागांवर आणि वजनांवर चुंबकाचा परिणाम होतो, म्हणून तसं परिपत्रकच आहे आणि त्याचा मसुदा मीच केलेला आहे. त्यामुळे कक्षात शिरण्याआधी मी पट्टा काढून बाहेरच्या लोखंडी कपाटाला लावत असे. तो तिथे आपोआप चिकटून राही, ही एक सोय होती. बाहेर आलो की पुन्हा बांधायचा. परिपत्रकात 'परीक्षण कक्ष' असाच शब्द आहे. बाजाराचा उल्लेख नाही.

बाजारातली वार्षिक तपासणी आली. शिपाई परत आला होता आणि पेटी त्याच्याकडे होती. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानापासून सुरुवात केली. हा वाणी सगळ्या गल्लीत सरळ माणूस म्हणून ओळखला जातो. मी त्याच्या काट्यावर किलोचं वजन ठेवलं, आकडे नीट दिसेनात म्हणून गल्ल्याला टेकून वाकलो आणि पाहतो तो काटा किलोहून जास्त दाखवतोय. वाण्याने पलीकडून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. सकाळीच पाहिला होता साहेब, बरोबर होता, असं तो म्हणाला. सगळेच असं म्हणतात, असं मी म्हणालो. पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्या दुकानातही तेच. मी वाकून वाकून पाहत होतो आणि प्रत्येक काटा जास्त दाखवत होता. सबंध गल्ली ग्राहकाला लुटत होती आणि इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी माझी छाती फुगली हे मी कबूल करतो. कंबरही दुखत नव्हती.

सगळे काटे जप्त करून मी परीक्षण कक्षात आणले. बाहेर पट्टा काढला, आत गेलो, एकेक काटा तपासला. सगळे अचूक. केसाइतकाही फरक नाही.

दुसरा कुणी असता तर इथे गडबडला असता. मी बसून विचार केला. काटा दुकानात खोटा आणि कचेरीत खरा असेल, तर दोष काट्यात नाही, दुकानात आहे. दुकानात अशी काय वस्तू असेल की जी लोखंडी वजन खाली ओढेल? माझ्यासारख्या जाणकाराला उत्तर शोधायला वेळ लागला नाही. या लोकांनी गल्ल्याखाली चुंबक दडवले होते. मी मोठ्या साहेबांना तसा अहवाल दिला आणि सुचवलं की अचानक छापा घालावा. चुंबक शोधण्यासाठी होकायंत्र लागेल, ते माझ्याकडे सुदैवाने आहेच. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो पहिल्यांदाच तिथे आला होता.

छाप्याला साहेब जातीने आले. तोपर्यंत गल्लीत बातमी पोचली होती आणि सगळे दुकानदार वाण्याच्या दुकानात जमले होते. वाण्याची बायको आतल्या दारात उभी होती. तिचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही. शिक्का गेला की दुकान बंद राहणार हे तिला माहीत होतं आणि मलाही. साहेबांनी होकायंत्र स्वतःच्या हातात घेतलं. मी गल्ल्याच्या डावीकडे उभा होतो, सुई डावीकडे वळली. साहेब म्हणाले, डावीकडे काहीतरी आहे. गल्ल्याचं खालचं फडताळ बघायला मी उजवीकडे गेलो, तर सुई माझ्यामागून उजवीकडे आली. मी मागच्या बाजूने पोत्यांच्या रांगेत गेलो, सुईने मान वळवली. साहेबांनी सुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात मला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं.

मी गेलो आणि आलो. त्या गल्लीत इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मग सगळ्यांसमोर मला शर्ट वर करावा लागला. पोटावर चुंबकांची रांग, पाठीवर चुंबकांची रांग. कडेला हिची एक टाचणी. दुकानदारांनी काय समजायचं ते समजलं: निरीक्षक पोटाला चुंबक बांधून फिरतो, खरा काटा खोटा पाडतो आणि मग मिटवायला हात पुढे करतो. मी कधी कुणाच्या पोत्यावरसुद्धा बसलो नाही, हे मी सांगायला लागलो. पण शर्ट वर असताना माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही. साहेबांचा हात खांद्यावरून केव्हाच निघाला होता. तपासणीच्या ठिकाणी चुंबक का आणला, असं त्यांनी विचारलं. परिपत्रकात फक्त परीक्षण कक्षाचा उल्लेख आहे, असं मी सांगितलं. परिपत्रक कुणी लिहिलं, असं त्यांनी विचारलं. ते मी सांगितलं.

चौकशी लागली आणि ती होईपर्यंत मला घरी बसवण्यात आलं. हे विनोदी वाटत असेल तर वाटू द्या. मला रडू येत होतं. आमच्या धंद्यात माणसाकडे दुसरं काही नसतं. पगार बेताचा, मान बेताचा, फक्त हा माणूस खात नाही एवढं एक नाव असतं. ते गेलं तर मग उरते ती नुसती कंबर. ही रोज काहीतरी चिमटा काढायची, पण त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुम्हाला लबाडी जमली असती तर घरात आधी मला कळलं असतं." विमावाल्या काकांनी जिन्यातून माझ्याशी बोलणं बंद केलं. चुंबक सुचवल्याचं त्यांना आठवतही नव्हतं.

पट्टा मी काढून टाकला होता, पण सासरे भिंतीकडे तोंड करूनच होते. चौकशीच्या दिवशी सकाळी बघतो तर ते धुतलेले कपडे घालून काठी घेऊन दारात उभे. कुठे निघालात, असं विचारलं तर म्हणाले, बाजाराचं काम आहे, बाजारातल्या माणसाने जायला नको का?

कचेरीत एका बाजूला साहेब आणि मी, दुसऱ्या बाजूला दुकानदार. सासरे सरळ जाऊन दुकानदारांमध्ये बसले. साहेबांनी त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते काठीवर हात ठेवून उभे राहिले.

"चुंबक लावून मापात मारणारे मी बाजारात बरेच पाहिलेत," ते म्हणाले. "ते चुंबक पारड्याखाली लावतात आणि चार पैसे सुटले की गप्प बसतात. पोटाला लावून वर स्वतःच होकायंत्र आणून देणारा मी पाहिला नाही. लबाडीला थोडा व्यवहार लागतो, साहेब. हा माझा जावई आहे. याला व्यवहार असता तर माझी मुलगी आज सुखात असती."

दुकानदारांपैकी कुणीतरी हसलं. सासरे हसले नाहीत. ते पुढे म्हणाले, "पुरावा पाहिजे असेल तर घरी माणूस पाठवा. माझ्या दिवाणापुढे खडूची रेघ आहे. माझ्या छातीतल्या यंत्राला पट्ट्याचा त्रास होऊ नये म्हणून यानं ती मारली. तिच्या पलीकडून हा माणूस माझ्याशी पट्टीने पत्ते खेळला. मला राग आला, मी खेळ बंद केला. पण मी अंतर मोजून पाहिलंय. कुठेही कमी नाही."

साहेबांनी खरंच माणूस पाठवला. फरशी पुसायला हिला त्या दिवसांत मन नव्हतं, म्हणून रेघ शाबूत होती. मीटरपट्टी नेल्याची माझी सहीही कचेरीत सापडली. साहेब म्हणाले, हातभर म्हटल्यावर मिलिमीटरपर्यंत मोजणारा माणूस लाच घ्यायला बसला तर सुटे पैसे परत देईल. हे माझ्या प्रामाणिकपणाचं प्रशस्तिपत्र होतं असं मी मानून घेतलं. अहवालात त्यांनी लिहिलं की काटे निर्दोष असून दोष निरीक्षकाच्या कमरेत आहे. ते वाक्य आता कायमचं दप्तरी आहे.

दुकानदार मात्र एवढ्यावर उठायला तयार नव्हते. तेव्हा तोडगा काढला तोही सासऱ्यांनीच. ते म्हणाले, तुमचं खातं जन्मभर आमचे काटे तपासत आलंय, त्याला आमची ना नाही. यापुढे काटा तपासायच्या आधी काटेवाल्याने निरीक्षक तपासावा. साहेबांना ते पटलं. तसं परिपत्रक निघालं. मसुदा मीच केला आणि या वेळी 'बाजार' हा शब्द आठवणीने घातला.

मी सगळे काटे परत नेऊन दिले आणि प्रत्येक दुकानात माफी मागितली. काटे शिपायाने उचलले. कंबर आता ठणठणीत आहे. घरी बसवल्यामुळे मला विश्रांती मिळाली आणि वेळ जाईना म्हणून डॉक्टरांचे व्यायाम करावे लागले. चुंबकाचा अंमल पट्टा काढल्यावरही बरेच दिवस टिकतो, असं विमावाले काका आता जिन्यात सगळ्यांना सांगतात. पट्टा त्यांनाच देऊन टाकायचं मनात होतं, पण त्यांच्याकडे येणाजाणाऱ्यांत कुणाच्या छातीत काय असेल सांगता येत नाही. म्हणून हिने तो मागच्या बाल्कनीत, सासरे कधी जात नाहीत तिथे, लोखंडी गजाला लावलाय. त्यावर कात्री आणि पक्कड चिकटलेली असतात.

नव्या परिपत्रकानंतर पहिल्यांदा मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. त्याने गल्ल्यातून दोऱ्याला बांधलेला एक खिळा काढला, माझ्या पोटासमोर धरला, मग मला वळायला सांगून पाठीमागे धरला. खिळा सरळ लोंबत होता. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. "चालेल," वाणी म्हणाला आणि काटा पुढे सरकवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काटा बरोबर होता. शिक्का मारताना त्याच्या बायकोने आतून पाण्याचा पेला पाठवला. मी तो घेतला नाही. नियम आहे.

संध्याकाळी घरी आलो. खडूची रेघ पुसलेली होती, फरशी अजून ओली होती. सासरे दिवाणावर बसले होते आणि त्यांच्यापुढे पत्ते होते. मी जवळ जाऊ लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. काठी उचलली. काठीच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला खिळा. तो त्यांनी बसल्या जागेवरून, हातभर लांबून, माझ्या पोटासमोर धरला. मी न सांगता वळलो आणि पाठ दाखवली. मागे काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला, तसा मी वळलो.

मग त्यांनी दिवाणावर शेजारची जागा हाताने झटकली. "या," ते म्हणाले. "पानं तुम्ही वाटा."